वस्तऱ्याचे पाणी

पोलादाचे सारे मर्म मराठी माणसाने एका साध्या शब्दात साठवून ठेवले आहे. तो शब्द म्हणजे पाणी. लोहार कोयत्याला पाणी देतो, चांगली तलवार पाणीदार असते, एखाद्याची योग्यता पारखायची झाली तर आपण त्याचे पाणी जोखतो, आणि ज्याचे तेज गेले त्याचे पाणी उतरले असे म्हणतो. बोलताना हे शब्दप्रयोग आपल्या तोंडी सहज येतात; परंतु ते लोहाराच्या भट्टीपाशी जन्मले आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ अगदी काटेकोर आहे, याची आठवण फारशी कुणाला राहिलेली नाही. पोलादाला खरोखरच पाणी चढते आणि खरोखरच ते उतरते. ते कसे चढते, कशाने उतरते आणि ते राखण्यासाठी माणसांनी कोणती किंमत मोजली, याची हकिकत एका लहानशा हत्याराच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावी, असा आमचा मानस आहे. ते हत्यार म्हणजे वस्तरा.

वस्तराच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की घरगुती वापरातील कोणत्याही हत्याराचे पाणी वस्तऱ्याइतक्या सहजी उतरत नाही. शिवाय ते बहुधा निष्काळजीपणामुळे उतरत नाही, उतरते ते हौसेमुळे. किंग कॅम्प जिलेट यांची बदलत्या पात्याची दाढीची यंत्रे १९०३ साली बाजारात आली आणि पुढील काही दशकांत घरोघरचा वस्तरा मागे पडला. आपल्याकडे केशकर्तनालयांत तो त्यानंतरही बराच काळ टिकला. पुढे एड्सच्या भीतीने तिथेही अर्धे पाते बसवून फेकून देण्याचा उस्तरा आला. जुने वस्तरे पेटाऱ्यांत आणि फडताळांत पडून राहिले. आता त्यांचे दिवस थोडे पालटले आहेत. आजोबांचा वस्तरा शोधून काढावा, त्याचा गंज घालवावा, त्याला आरशासारखी चकाकी आणावी, अशी आवड अनेकांना लागली आहे. आवड चांगलीच आहे. परंतु विजेवर गरगर फिरणारे कापडी चाक हाती येते, पाते त्यावर टेकवले जाते, दोन मिनिटांत ते लखलखू लागते, आणि शंभर वर्षे टिकलेले पाणी त्या दोन मिनिटांत निघून गेलेले असते. चकाकीकडे पाहून ते कळतही नाही.

पाणी म्हणजे काय?

वस्तऱ्याचे पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात साधारण एक ते सव्वा टक्का कार्बन. हे पोलाद सुमारे ७६० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते लालबुंद होते आणि त्यातील कार्बनचे कण लोखंडाच्या घडणीत विरघळून जातात. ते सावकाश निवू दिले तर हे कण आपापल्या जागी परत जातात आणि पोलाद मऊच राहते. परंतु ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले तर कार्बनला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. तो आत कोंडला जातो, लोखंडाची घडण ताणली जाते आणि पोलाद अत्यंत कठीण होते. या घडणीला आज मार्टेन्साइट म्हणतात. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या सन्मानार्थ हे नाव फ्लोरिस ऑस्मंड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ साली दिले.

असे पोलाद कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळही असते. त्याची धार लागता लागताच तुटेल. म्हणून ते पुन्हा एकदा, परंतु बेताने, तापवावे लागते. या दुसऱ्या तापवणीत कोंडलेला थोडासा कार्बन मोकळा होतो, ताण सैल पडतो, कठिणपणा किंचित घटतो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. पाणी देण्याची क्रिया इथे पूर्ण होते. खरे कौशल्य या दुसऱ्या तापवणीतच आहे. ताप कमी पडला तर धार झडते, जास्त झाला तर धार वळते.

ही तापवणी जोखण्यासाठी जुन्या कारागिरांपाशी रंगांचे शास्त्र होते. घासून स्वच्छ केलेले पोलाद तापू लागले की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि त्याची जाडी वाढेल तसतसे रंग पालटतात. साधारण २२० अंशांना फिकट पिवळा, २४० च्या सुमारास वाळल्या गवताचा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. वस्तरा पिवळ्याच्या आसपास थांबवायचा असतो. निळा रंग घड्याळाच्या कमानीचा, वस्तऱ्याचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा रस करून त्यात हत्यारे बुडवण्याची युक्ती प्रचारात होती, कारण मिश्रणाचे प्रमाण ठरले की त्याचा वितळबिंदू ठरतो. त्या काळच्या कोष्टकांत वस्तऱ्यांसाठी आठ भाग शिसे आणि चार भाग कथील असे प्रमाण दिलेले आढळते. त्याचा ताप ४४२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २२८ अंश सेल्सिअस. कित्येक वस्तऱ्यांना याहूनही कमी, १५० ते २०० अंशांच्या दरम्यानची तापवणी दिली जाते.

यातून एक गोष्ट उघड होते. पोलादाला तापवणी ज्या अंशावर दिली असेल, त्यापुढे ते पुन्हा केव्हाही तापले की ते आणखी मऊ होते. पोलादाला मागील तापवणी आठवते. ती कारागिराने जाणूनबुजून दिली की चाकाच्या घर्षणाने नकळत दिली, हा भेद त्याला ठाऊक नसतो. शिवाय ज्या पात्याची तापवणी १८० अंशांवर झाली आहे, ते २०० अंशांवर मऊ पडू लागते आणि तोवर त्यावर डोळ्यांना दिसेल असा रंगही उमटलेला नसतो. रंग दिसला तर हानी झाली हे निश्चित. रंग दिसला नाही म्हणून हानी झाली नाही असे मात्र म्हणता येत नाही.

घड्याळजी, वैद्य आणि लोहाराचा पुत्र

आपण आज जो वस्तरा ओळखतो त्याचे घर म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड. तेथील पातेकारांच्या संघाला १६२४ साली कायद्याने मान्यता मिळाली होती. तरीही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे पोलाद एकजिनसी नव्हते. लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवीत. त्यामुळे कार्बन वरच्या थरात भरपूर आणि गाभ्यात कमी मुरे. अशा पोलादाला पाणी दिले तर एका ठिकाणी ते चढे, दुसऱ्या ठिकाणी चढत नसे. कुऱ्हाडीला ते चालून जाई. वस्तऱ्याला चालत नसे, कारण वस्तऱ्याच्या धारेवरील केसाएवढा मऊ भागही गालाला कळतो.

ही अडचण सोडवली ती एका घड्याळजीने. बेंजामिन हंट्समन यांचा जन्म १७०४ सालचा. डॉनकास्टर येथे घड्याळे करीत असताना त्यांना कमानींसाठी निर्दोष पोलाद हवे होते. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन त्यांनी मातीच्या मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवण्याचे प्रयोग केले. त्यासाठी सुमारे १६०० अंशांचा ताप लागे, तो सोसणारी मूस लागे आणि दगडी कोळशापासून केलेला कोक लागे. वितळलेले पोलाद पाण्यासारखे एकसारखे होते आणि मळी वर तरंगून येई. शेफील्डच्या पातेकारांनी आरंभी या पोलादाकडे पाठ फिरवली. त्यांना ते फार कठीण वाटले. फ्रान्सच्या पातेकारांनी मात्र ते घेतले, आणि तिकडचा उत्तम माल इंग्लंडच्या बाजारात येऊ लागला तेव्हा शेफील्डचे डोळे उघडले. फ्रान्समध्ये त्या सुमारास वस्तऱ्याचा विचार किती बारकाईने होत होता, याची साक्ष झां-झाक पेरे या पॅरिसच्या पातेकाराने दिली आहे. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, या एकाच विषयावर त्याने १७६९ साली एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे या देशातील पोलादाचे नमुने पाठवले. या पोलादाला तिकडे 'वूट्झ' म्हणू लागले. हा शब्द कानडी 'उक्कु'चा अपभ्रंश मानला जातो. दक्षिणेतील कारागीर लहान लहान मुशींत लोखंड आणि वनस्पतिज पदार्थ बंद करून हे पोलाद शतकानुशतके करीत आले होते. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली त्याविषयी निबंध सादर केला. त्यासाठी हे कठीण पोलाद घडवून पाहण्याचे काम जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या शस्त्रकाराने केले आणि त्याचे मत अत्यंत अनुकूल पडले. हा स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करीत असे. हत्यारांची तापवणी केवळ डोळ्यांच्या अंदाजाने न करता तापमापक ठेवून करावी, या विचाराचा तो पुरस्कर्ता होता. त्यापूर्वी १७८९ साली डेव्हिड हार्टली यांनी अशाच पद्धतीचे पेटंट घेतले होते.

पुढे याच स्टोडार्टला एक तरुण सहकारी लाभला. त्याचे वडील लोहार होते आणि त्याचे नाव मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांनी जगद्विख्यात होण्यापूर्वी फॅरडे यांनी स्टोडार्टसमवेत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या भट्टीत पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी, एवढेच प्रमाण त्यांना उपयोगी आढळले. या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडे स्नेह्यांना भेट म्हणून देत. १८२३ साली स्टोडार्ट वारला आणि ते काम मागे पडले. मात्र 'सिल्व्हर स्टील' हा शब्द वस्तऱ्यांवर ठशासारखा टिकून राहिला. पुढील काळात त्या नावाच्या पोलादात चांदीचा लवलेशही नसे. नाव राहते आणि आतील द्रव्य जाते, असे केवळ वस्तऱ्यांच्याच बाबतीत घडते असे नाही.

दगड, पाणी आणि धूळ

पोलादाला पाणी दिल्यावर वस्तरा पुरा होत नाही. उलट खरे काम तेथून पुढे सुरू होते. पाते दगडी चाकावर घासून पातळ करायचे, मग कातडे लावलेल्या आणि एमरी माखलेल्या लाकडी चाकावर गुळगुळीत करायचे, शेवटी मऊ कातड्याच्या चाकावर लोखंडाच्या तांबड्या भस्माने चकाकी आणायची. ही सर्व घासणी पाणी दिल्यानंतरची, म्हणून प्रत्येक पायरीवर पाणी उतरण्याचा धोका उभा. त्यावर शेफील्डने दोन उपाय योजले होते. पहिला उपाय पाण्याचा. दगडी चाकाखाली लांबट डोणी असे आणि चाकाचा तळ तीतील पाण्यातून फिरे. दुसरा उपाय गतीचा. चकाकी देण्याचे चाक हे दगडाहून आणि एमरीच्या चाकाहून पुष्कळ मंद फिरले पाहिजे, असा दंडक अँड्र्यू यूअर यांच्या १८३९ सालच्या उद्योगकोशात नोंदवलेला आहे. ज्या चाकावर शेवटचा हात फिरवायचा त्यावर सर्वांत कमी घाई करायची, हा नियम आजच्या हौशी माणसाने पाठ करावा असा आहे.

शेफील्डच्या परिसरात रिव्हेलिन, लॉक्सली, पोर्टर, शीफ अशा लहान नद्यांवर पाणचक्क्या बांधून हे दगड फिरवीत. पोर्टर ओढ्यावरील शेफर्ड व्हील ही त्यांपैकी एक अजून जतन केलेली आहे. घासणारा कारागीर घोड्यावर बसावे तसा लाकडी बैठकीवर चाकाच्या मागे बसे आणि दोन्ही हातांनी पाते दगडावर धरी. त्याचा तापमापक म्हणजे त्याचीच बोटे.

परंतु सारे काम ओल्या दगडावर होत नसे. वस्तऱ्याची काही घासणी कोरड्या दगडावर चाले. ओल्या दगडावर दगडाची आणि पोलादाची भुकटी पाण्यात बसते. कोरड्या दगडावर ती हवेत उडते आणि कारागिराच्या छातीत जाते. हा छातीचा रोग शेफील्डमध्ये 'घासणाऱ्यांचा दमा' म्हणून ओळखला जाई. १८३० साली त्यावर निबंध लिहिणारे डॉ. आर्नल्ड नाइट हे शेफील्डचे वैद्य आपल्याच धर्माचे, कॅथलिक होते. त्यांचे एक पुत्र एडमंड नाइट पुढे श्रुजबरीचे बिशप झाले. डॉ. नाइट यांनी नोंदवलेले आकडे फ्रीड्रिख एंगल्स यांनी १८४५ सालच्या आपल्या ग्रंथात उद्धृत केले, म्हणून ते जगापुढे राहिले. कोरड्या दगडावर काटे घासणारे कारागीर वयाच्या २८ ते ३२ व्या वर्षी मरत. ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही दगडांवर वस्तरे घासणारे ४० ते ४५ व्या वर्षी मरत. ओल्या दगडावर जेवणाच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० च्या दरम्यान मरत.

हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. डोणीतील जे पाणी पोलादाचे पाणी राखीत होते, तेच त्या माणसांचे आयुष्यही काही वर्षांनी वाढवीत होते. जिथे पाणी नव्हते तिथे पातेही तापे आणि छातीही भरे. १७८६ पासून शेफील्डमध्ये घासणीची चाके वाफेवर फिरू लागली आणि परिस्थिती अधिकच बिघडली. नदी आटली की पाणचक्की थांबे आणि कारागिराला सक्तीची विश्रांती मिळे. वाफेला ऋतू नव्हते, आणि एकाच कोंदट दालनात अनेक दगड फिरू लागले होते. धूळ ओढून घेणारी लोहचुंबकाची योजना एब्राहम नावाच्या शेफील्डच्या गृहस्थाने १८२० नंतर सुचवली, परंतु कारागिरांनीच ती नाकारली. धंदा सुरक्षित झाला तर त्यात माणसे वाढतील आणि मजुरी घसरेल, ही त्यांची भीती होती. मरणाची जोखीम हेच ज्यांच्या मजुरीचे भांडवल झाले होते, त्यांना दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. धूळ खेचणारे पंखे बसवण्याची सक्ती करण्याचा अधिकार कायद्याने निरीक्षकांना मिळाला तो १८६७ साली.

त्याच शेफील्डमध्ये, त्याच सुमारास, चकाकीचा एक निराळा उपयोग झाला. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३–६४ मध्ये पोलादाचे तुकडे अत्यंत सावकाश, क्रमाक्रमाने घासून आरशासारखे केले, सौम्य आम्लाने त्यांचा पृष्ठभाग किंचित खोदला आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पोलादाच्या आतील घडण माणसाच्या डोळ्याला प्रथमच दिसली. आत काय आहे ते झाकण्यासाठी चकाकी देणारे पुष्कळ असतात. आत काय आहे ते पाहण्यासाठी चकाकी देणारा हा एक गृहस्थ.

आजच्या हौशी माणसासाठी

एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली कार्बोरंडम शोधून काढले आणि कृत्रिम चाकांचे युग सुरू झाले. विजेची मोटार आली. आज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे चाक शेफील्डच्या चकाकीच्या चाकाहून कितीतरी वेगाने फिरते. डोणी मात्र नाहीशी झाली आहे. जुना वस्तरा सुधारू पाहणाऱ्याने म्हणून पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

वस्तऱ्याची पाठ जाड आणि पोट दोन्ही बाजूंनी खोलगट कोरलेले असते. धारेजवळ पाते कागदासारखे पातळ होत जाते. घर्षणाची उष्णता सगळीकडे सारखी उपजली तरी पाठीला ती सोसते, कारण तिथे पोलाद भरपूर आहे. धारेपाशी ती साठवायला पोलादच नाही आणि पाठीकडे निघून जाण्यास वाट अरुंद आहे. म्हणून पाठ बोटाला कोमट लागत असताना धार दोनशे अंशांच्या पुढे गेलेली असू शकते. शेफील्डच्या कारागिराची बोटे तापमापक होती हे खरे, पण त्या बोटांमागे अनेक वर्षांची उमेदवारी होती आणि दगडाखाली पाणी होते.

सर्वांत सुरक्षित मार्ग हाताने घासण्याचा आहे. प्रथम मूठ सोडवून बाजूला ठेवावी. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेट घेते. मग पाते सपाट लाकडावर नीट आधार देऊन धरावे, धारेवर जाड चिकटपट्टी लावावी आणि पाण्यात चालणारा पॉलिश कागद बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून, तेल किंवा पाणी घालीत, लांबीच्या दिशेने घासावे. चारशे क्रमांकाच्या कागदापासून सुरुवात करून पायरी न वगळता दोन हजारांपर्यंत जावे. प्रत्येक पायरीवर आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढे जाऊ नये. बहुतेक लोक इथे उतावीळ होतात आणि राहिलेले ओरखडे घालवण्यासाठी शेवटी चाकाचा आश्रय घेतात. या कामाला दोन-तीन संध्याकाळी लागतात. हाताने घासून पात्याचे पाणी उतरण्याइतका ताप येत नाही.

चाक वापरायचेच असेल तर ते लहान, मऊ आणि मंद असावे. पाते हलकेच टेकवावे, दोन-तीन सेकंदांत उचलावे, लगेच पाण्यात बुडवावे आणि ओलेच परत चाकाकडे न्यावे. पात्यावरील पाण्याचा ओलावा हाच पहारेकरी समजावा. पाणी शंभर अंशांना उकळते आणि हानी त्याहून वर सुरू होते. तेव्हा जोवर धारेवर ओल आहे तोवर भय नाही, आणि ती ओल सुकली की हात आवरावा. चाकाचा स्पर्श नेहमी धारेपासून दूर जाणारा असावा. धारेकडे तोंड करून फिरणारे चाक पाते हातातून हिसकावून अंगावर फेकते, आणि त्या वेळी पोलादाच्या नव्हे, माणसाच्या हानीचा प्रश्न असतो.

निर्जंतुक करण्यासाठी पाते ज्योतीवर धरू नये. उकळत्या पाण्याने पाणी उतरत नाही. ज्योतीने हमखास उतरते. कोरड्या गरम हवेच्या पेटीत १६० ते १८० अंशांचा ताप असतो; तोही कमी तापवणीच्या वस्तऱ्याला नडू शकतो.

इतके करूनही पात्यावर निळी किंवा तपकिरी छटा उमटली, तर ती घासून टाकण्याचा मोह होतो. छटा पुसली जाते. मऊपणा पुसला जात नाही. अशा पात्याला दगडावर धार लागल्यासारखी वाटते, परंतु एका दाढीतच ती वळते. मऊ झालेली कड थोडीच असेल तर दगडावर सावकाश झिजवून खालच्या कठीण पोलादापर्यंत पोहोचता येते. हानी खोल असेल तर सारे पाते पुन्हा लाल करून नव्याने पाणी द्यावे लागते, आणि इतके पातळ पाते त्यात बहुधा वाकते किंवा तडकते.

म्हणून कित्येकदा शहाणपण थांबण्यातच असते. गंजाचा खोल खड्डा धारेपासून दूर असेल तर तो असू द्यावा. पाठीवरचा काळसर डाग असू द्यावा. जोसेफ रॉजर्स किंवा वोस्टनहोम यांच्या कारखान्याचा ठसा अर्धवट पुसला गेला असेल तर उरलेला तरी राहू द्यावा. चाकाखाली तोही जाईल. कुणा कारागिराने ते पाते घासताना जे आयुष्य वेचले, त्याची एवढीच सही मागे उरलेली असते. त्या माणसाने ओल्या दगडावर, धीराने, बोटांनी ताप जोखीत पात्याचे पाणी राखले, म्हणून तर ते आपल्या हाती आले. आपल्याकडून त्याला फारसे काही नको आहे. शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे आणि घाई करू नये, एवढे पुरे.